रडणारा दगड, रागावणारा दगड

भुतांच्या बाबतीत मराठी भाषा मोठी काटेकोर आहे. मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला मुलगा गेला तर त्याचा मुंजा होतो आणि त्याची वस्ती पिंपळावर असते. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते. जमिनीत किंवा पैशांत जीव अडकलेल्याचा समंध होतो. रानात वाट चुकवणारा तो चकवा. प्रत्येकाचे कारण वेगळे, जागा वेगळी, खोडही वेगळी. लोकसाहित्याच्या तासाला ही नावे फळ्यावर लिहिली की विद्यार्थी आधी हसतात आणि मग हळूहळू गप्प होतात. कारण ही यादी भुतांची असली तरी ती खरे तर अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यांची यादी आहे, हे त्यांच्या लक्षात येते.

वेल्श भाषेचीही अशीच एक यादी आहे. घरात राहून निमूट काम करणारा आणि अपमान झाला की घर डोक्यावर घेणारा ‘बुकी’. वाटेवर किंवा झऱ्याकाठी दिसणारी पांढऱ्या वस्त्रातली ‘लादी वेन’. प्रेतयात्रा निघण्याआधीच त्या वाटेने जाताना दिसणारी तिची छाया म्हणजे ‘तॉइली’. सर्वांत प्रसिद्ध ती प्रेतज्योत, ‘कानविह्ल गॉर्फ’. मरणाऱ्याच्या घरापासून दफनभूमीपर्यंत ही ज्योत रात्री एकटीच जाते, आणि ती लहान व निळसर असली तर मरण एखाद्या मुलाचे आहे असे समजावे, असा संकेत. म्हणजे तिथेही भुतांना नावे आहेत, कामे आहेत, ठरलेल्या वाटा आहेत. म्हणूनच, ज्या भुताला नावच नाही, रूप नाही, नुसता आवाज आहे, असे एक वेल्श भूत आम्हांला भेटले तेव्हा आमची उत्सुकता चाळवली. हे भूत एका दगडाचे आहे. नेमके बोलायचे तर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन दगडांचे.

वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर, कॉनवीच्या पश्चिमेला, पेनमाइनमौर नावाचे छोटे गाव आहे. गावाच्या वर, समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंचीच्या माळावर उभ्या दगडांचे एक वर्तुळ आहे. व्यास सुमारे पंचवीस मीटर, मूळचे दगड तीसच्या आसपास, त्यांतले उंच ते माणसाच्या उंचीचे. जवळच ग्रेग ल्विड ही टेकडी आहे. नवाश्मयुगात तिथल्या कठीण दगडाच्या कुऱ्हाडी घडवल्या जात आणि त्या ब्रिटनभर दूरदूर पोचत. वर्तुळ त्यानंतरचे, कांस्ययुगातले. इंग्रजीत त्याला ‘ड्रुइड्स सर्कल’, म्हणजे ड्रुइड पुरोहितांचे वर्तुळ म्हणतात. त्यातल्या दोन दगडांना स्वतंत्र नावे आहेत : एक ‘देवतेचा दगड’ आणि दुसरा ‘बळीचा दगड’.

देवतेचा दगड पुढे झुकलेला आहे, डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतलेल्या माणसासारखा. त्याच्याजवळ कोणी शिवी उच्चारली किंवा देवाची निंदा केली तर तो रागावतो, अशी समजूत. दक्षिण वेल्समधून आलेल्या एका माणसाची गोष्ट सांगतात. त्याने रविवारी, म्हणजे प्रार्थनेच्या दिवशी, सोबत्यांसह या वर्तुळात पत्त्यांचा डाव मांडला. दगडाच्या रागाची गोष्ट ऐकून त्याला हसू आले. पुढे एका रात्री तो मुद्दाम एकटा वर गेला, दगडाला डिवचायला. सकाळी त्याचे प्रेत दगडाच्या पायथ्याशी सापडले.

समोरच्या बळीच्या दगडाला वरच्या अंगाला एक खोलगट खाच आहे, तान्हे मूल मावेल एवढी. वादळी रात्री तिथून रडण्याचा आवाज येतो म्हणतात. एकदा मध्यरात्री काही चेटकिणी या दगडापाशी जमल्या आणि त्यांचे विधी सुरू झाले. इतक्यात समोरच्या दगडातून एक भयंकर दरडावणी ऐकू आली. दोघी भीतीने जागीच मेल्या, एक वेडी झाली. अशा रीतीने एक दगड रडतो आणि दुसरा रागावतो. याच बळीच्या दगडाविषयी आणखी एक समजूत आहे. जन्मल्यापासून महिन्याच्या आत मुलाला त्या खाचेत थोडा वेळ ठेवले तर ते आयुष्यभर सुदैवी राहते. या तिसऱ्या समजुतीकडे आपण पुढे येणारच आहोत.

आम्ही दोघे पतिपत्नी, दोघेही मराठीचेच अध्यापक. एक लोकसाहित्य शिकवते, दुसरा अर्वाचीन गद्य. या दगडांवरून आमच्या घरात जो वाद पेटला त्याला कारण ठरले १९५८ साल. त्या वर्षी डब्ल्यू. ई. ग्रिफिथ्स यांनी या वर्तुळाचे उत्खनन केले. वर्तुळाच्या मध्यभागी एका मातीच्या भांड्यात दहन केलेली हाडे मिळाली. ती दहा ते बारा वर्षांच्या मुलाची होती. दुसऱ्या भांड्यात अकरा ते तेरा वर्षांच्या मुलाची हाडे होती आणि त्यांच्यासोबत काशाचा एक छोटा सुरा.

हे वाचून आमच्यातली लोकसाहित्यवाली काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “बळीच्या दगडातून रडणे ऐकू येते म्हणतात, आणि खाली खरोखरच मुले. साडेतीन हजार वर्षे लोकांनी हे कुठेतरी जपून ठेवले होते.” गद्यवाल्याचे उत्तर ठरलेले होते : “जपून ठेवले नाही. आपण आत्ता जोडून घेतो आहोत.”

तिच्या बाजूने बरेच बोलता येते. मराठीच्या विद्यार्थ्याला दामोदर धर्मानंद कोसंबींचे ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) परके नाही. पुण्याच्या आसपासची देवीस्थाने, जुन्या वाटांची मिलने आणि तिथे सापडणारी दगडी सूक्ष्मास्त्रे यांची त्यांनी घातलेली सांगड वाचली की, जागेची ओढ राज्ये आणि भाषा बदलल्या तरी टिकते, यावर विश्वास बसू लागतो. वेल्समधलेच उदाहरण हवे तर मोल्ड गावाचे आहे. तिथल्या एका टेकाडाला ‘ब्रिन अर एह्लह्लॉन’, म्हणजे भुताखेतांचे टेकाड म्हणत. १८३३ साली मजूर तिथे दगड काढत असताना आत सांगाड्याबरोबर सोन्याच्या पत्र्याचा एक अप्रतिम खांदेपट्टा सापडला. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि तोही कांस्ययुगातलाच. या टेकाडावर सोन्याने मढलेली आकृती दिसते असे एका बाईने पूर्वीच सांगितले होते, अशी कथा आहे. भूत सोन्याचे, आणि सापडलेही सोनेच! लोकस्मृतीचे याहून झळझळीत उदाहरण मिळणे कठीण.

पण गद्यवाल्याने इथेच बोट ठेवले. टेकाडाचे भुताटकीचे नाव जुने असेल. सोन्याच्या आकृतीची कथा मात्र सोने सापडल्यानंतर लिहिली गेली. वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही क्रमवारी टाळता येत नाही. नंतर सांगितलेले ‘आधी’ हा कथनाचा एक ओळखीचा प्रकार आहे. आपल्याकडे एखादा माणूस गेला की, “आदल्या दिवशी तो असं का बोलला होता ते आता कळलं,” असे घरोघरी म्हणतात. ते खोटे नसते, पण तो पुरावाही नसतो.

मग नावांचा प्रश्न आला, आणि आमच्या मते खरी मेख तिथेच आहे. या वर्तुळाचे वेल्श नाव आहे ‘मेइनी हिर्यॉन’. ‘माइन’ म्हणजे दगड आणि ‘हिर’ म्हणजे लांब. म्हणजे नुसते ‘लांब दगड’. जगभरच्या पुरातत्त्वात रुळलेला ‘मेनहिर’ हा शब्दही याच दोन शब्दांच्या ब्रेटन रूपांतून आलेला आहे. १६९५ साली छापलेल्या कॅम्डेनच्या ‘ब्रिटानिया’च्या इंग्रजी आवृत्तीत हे वर्तुळ येते ते या वेल्श नावानेच. म्हणजे डोंगरावर मेंढ्या घेऊन रोज जाणाऱ्याने या दगडांना ‘लांब’ यापलीकडे विशेषण दिले नाही. ड्रुइड, देवता, बळी ही सारी नावे इंग्रजीतली आहेत. ती देणाऱ्यांच्या डोक्यात ड्रुइड कुठून आले याचा इतिहास बऱ्यापैकी स्वच्छ आहे. सतराव्या शतकात जॉन ऑब्रीने आणि अठराव्या शतकात विल्यम स्टकलीने उभ्या दगडांची वर्तुळे ड्रुइडांच्या खाती जमा केली. १७९२ साली इओलो मॉर्गनुग या विलक्षण प्रतिभावान आणि तितक्याच विलक्षण बनावटखोर कवीने लंडनच्या प्रिमरोज हिलवर दगड मांडून ‘प्राचीन’ कविसंमेलन भरवले. त्याची परंपरा वेल्सच्या राष्ट्रीय साहित्यमहोत्सवात आजही चालू आहे. ज्या ड्रुइडांचे वर्णन सीझरने केले ते मात्र लोहयुगातले. हे वर्तुळ त्यांच्याही हजाराहून अधिक वर्षे आधीचे. बळीची कल्पनाही सुशिक्षितांना परकी नव्हती. पेनमाइनमौरच्या माळावरून समोर आंग्लसी बेट दिसते. इ. स. ६० च्या सुमारास रोमन सैन्याने त्या बेटावर केलेला हल्ला आणि तिथल्या नररक्ताने माखलेल्या वेदी यांचे वर्णन टॅसिटसने केले आहे. शाळेत लॅटिन शिकलेला कोणीही प्रवासी ते बेट पाहून इकडच्या दगडाकडे वळला, तर त्याला त्या खाचेत काय दिसणार हे सांगायला नको. आणि आगगाडी सुरू झाल्यावर असे प्रवासी इथे पुष्कळ येऊ लागले. खुद्द ग्लॅडस्टन यांचे हे उन्हाळी मुक्कामाचे आवडते गाव होते.

यावर लोकसाहित्यवालीने बाराव्या शतकातला साक्षीदार उभा केला. जेराल्ड ऑफ वेल्स ११८८ साली वेल्सभर फिरला. त्याने आंग्लसीमधल्या मांडीच्या आकाराच्या एका दगडाची हकिकत लिहून ठेवली आहे. तो कितीही दूर नेला तरी रात्रीत जागेवर परत येई. ह्यू नावाच्या नॉर्मन सरदाराने त्याला साखळदंडाने मोठ्या धोंड्याला बांधून समुद्रात टाकले. सकाळी दगड आपल्या जागी हजर. “तेव्हा कुठे होते तुझे प्रवासी आणि कुठे होता इओलो?” हा तिचा सवाल बिनतोड होता. वेल्सच्या दगडांना गोष्टी चिकटण्याची रीत व्हिक्टोरिया राणीच्या काळात जन्मली नाही, हे गद्यवाल्याला मान्य करावे लागले. शिवाय त्या गोष्टीचा रोखही तिने दाखवून दिला : बाहेरून आलेला सत्ताधीश दगड हलवू पाहतो आणि दगड हलत नाही. पत्ते खेळणाऱ्या त्या माणसाच्या गोष्टीतही मरतो तो परमुलखातला. अशा गोष्टी सांगणारे लोक इतिहास सांगत नसतील. पण “इथे कसे वागायचे” हे ते निश्चित सांगत असतात.

लेस्ली ग्रिन्सेल यांनी १९७६ साली ब्रिटनमधल्या प्रागैतिहासिक स्थळांच्या लोककथा एकत्र केल्या. त्या नजरेखालून घातल्या की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. उन्हाळ्यातल्या ठरावीक रात्री पाणी प्यायला जाणारे दगड, मोजले तर दर वेळी निराळी संख्या भरणारे दगड, हलवले तर वादळ आणणारे दगड, रविवारी नाचले म्हणून शिळा झालेले लोक. ब्रिटनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हीच बीजे पुन्हा पुन्हा येतात. जी गोष्ट शंभर दगडांविषयी सांगितली जाते ती एका दगडाखालच्या घटनेची आठवण असू शकत नाही. लोककथेचा अभ्यास करणाऱ्याला हे कळते. तरीही त्या दोन मुलांपाशी येऊन कळलेले वळत नाही, अशी आमच्यातल्या एकीची अवस्था झाली खरी.

२०२३ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलला भाचीकडे गेलो होतो, तेव्हा एक दिवस काढून पेनमाइनमौरला जाऊन आलो. “मामी, एका दगडासाठी एवढं चढायचं?” असे म्हणत भाचीही आली. चढ दमवणारा होता, वारा बोलू न देणारा. माळावर मेंढ्या होत्या, काही रानटी तट्टे होती, खाली समुद्र होता. दगड वर्णनात वाचले होते त्याहून लहान वाटले. देवतेचा दगड पाहून भाची म्हणाली, “हा तर पावसात इरलं घेऊन लावणी करणाऱ्या बाईसारखा दिसतो.” त्यानंतर तो रागीट दिसेना.

बळीच्या दगडापाशी मात्र आम्ही बराच वेळ थांबलो. त्या खाचेला हात लावून पाहिला. दहा-बारा वर्षांचे मूल त्यात मावण्याचा प्रश्नच नव्हता. खाच आहे ती तान्ह्या बाळाच्या मापाची. आणि इतके दिवस वादात ज्या समजुतीकडे आमचे लक्ष गेले नव्हते ती तिसरी समजूत तिथे एकदम पुढे आली : महिन्याच्या आत मूल आणून इथे ठेवायचे. हा चढ चढून, हा वारा सोसत, पदराखाली म्हणा वा शालीखाली म्हणा, तान्हे मूल घेऊन बाईने यायचे ते कशासाठी? पहिला महिना हाच सर्वांत धोक्याचा असतो, हे तिला कोणी सांगावे लागत नव्हते.

आमच्यातल्या गद्यवाल्याच्या आजोबांचे नाव धोंडू होते. त्यांच्याआधीची तीन भावंडे वर्षाच्या आत गेली होती. चौथ्याचे नाव पणजीने धोंडू ठेवले. म्हणजे मृत्यू आला तरी त्याला वाटावे, इथे मूल नाही, धोंडा आहे. आपल्याकडे दगडू, धोंडू, नथू, उकिर्डा ही नावे अशाच घरांतून आली. आजोबा पुढे प्राथमिक शिक्षक झाले आणि जन्मभर सहीत ‘धों.’ एवढेच लिहीत राहिले. लहानपणी आम्हांला ते नाव गावंढळ वाटे. त्या माळावर, हात दगडाच्या खाचेत असताना, ते नाव म्हणजे पणजीने तीन मुलांच्या मागे केलेली प्रार्थना होती हे नव्याने जाणवले. पणजीने मुलाला दगडाचे नाव दिले, तिकडच्या बायांनी मुलाला दगडाच्या कुशीत दिले. या दोन रीतींचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि तो जोडण्याचा आमचा हेतूही नाही. एवढेच, की एक रीत घरातली असल्यामुळे दुसरी वाचता आली.

त्या दिवसापासून आम्हांला ही कथा अशी वाचावीशी वाटते. दगड एकच. त्याचे नाव बळीचा. त्यातून रडणे ऐकू येते. आणि त्याच दगडावर मूल जगावे म्हणून ठेवले जाते. मूल जाण्याची भीती आणि मूल राहण्याची आशा यांना निजायला एकच जागा. भुताची गोष्ट म्हणून आपण रडण्याचा आवाज तेवढा उचलतो, कारण तो अंगावर काटा आणतो. बायांची रीत ही ‘अंधश्रद्धा’ म्हणून तळटिपेत जाते. पण तळटिपेतली रीत वाचल्याशिवाय रडण्याचा अर्थ लागत नाही. रडणे प्रागैतिहासिक असण्याची गरजच नाही. डोंगराखालच्या प्रत्येक घराने ते आपापल्या घरात ऐकलेले होते.

आणि भांड्यातली ती दोन मुले? त्यांचा बळी दिला गेला याचा पुरावा ती हाडे देत नाहीत. ती एवढेच सांगतात की कोणीतरी त्यांचे दहन केले, हाडे वेचून भांड्यात ठेवली आणि एकाजवळ सुरा ठेवला. यात क्रौर्य वाचायचे की माया, हे वाचणाऱ्यावर आहे. मराठीत त्या वयाच्या मेलेल्या मुलाला शब्द आहे, मुंजा. त्या भाषेत, ती कोणतीही असो, कदाचित असाच एखादा शब्द असेल. ‘दंतकथा खरी ठरली’ असे म्हणताना आपण त्या दोघांना आपल्या सिद्धान्ताचे पुरावे करून टाकतो. वर्गात हे विधान फार परिणामकारक ठरते, म्हणून तर त्याचा मोह अधिक. दुर्गा भागवतांचे ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ १९५६ साली आले, तेव्हापासून मराठीत लोकसाहित्याचा अभ्यास शास्त्र म्हणून होत आहे. त्या शास्त्राचा विद्यार्थ्याला उपयोग व्हायचा तर तो अशा मोहाच्या क्षणीच झाला पाहिजे. गोष्ट कोण सांगतो, कोणत्या भाषेत सांगतो, कोणाला सांगतो आणि ती सांगितल्यावर कोण काय करतो, हे प्रश्न भुतालाही विचारले पाहिजेत.

आमचा वाद मिटलेला नाही. लोकसाहित्यवालीच्या मनात अजून असे आहे की माणसे विसरतात पण जागा काही धरून ठेवते. गद्यवाला अजून तारखा मागतो. यंदा एम. ए. च्या वर्गाला ही सामग्री दोघांनी मिळून द्यायची असे मात्र ठरले आहे. आधी वेल्श नाव, मग इंग्रजी नावे, मग तान्ह्या मुलांची रीत, आणि १९५८ चे उत्खनन सर्वांत शेवटी. क्रम असा असला तर विद्यार्थी काय म्हणतात ते पाहायचे आहे.